साहेबांच्या केबिनमध्ये जाताना

मुंबईहून व्हाइस प्रेसिडेंट येणार म्हटलं की लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात दोन दिवस आधीपासून रंगरंगोटी सुरू होते. ओरोसला जिल्हा मुख्यालयात आढावा बैठक लागली की तालुक्याचे कर्मचारी पाच वर्षांच्या नस्त्या, म्हणजे फायली, पिशवीत कोंबून निघतात. एवढी तयारी, आणि साहेबांनी पहिला प्रश्न विचारला की घसा कोरडा, आवाज बारीक, रोज तोंडावर असलेला आकडाही आठवत नाही. अशा वेळी ‘घाबरतोस कशाला, तेही माणूसच आहेत’ हा सल्ला हमखास मिळतो. त्याचा उपयोग शून्य.

ही भीती साधारण तीन ठिकाणांहून येते. साहेब काय विचारणार ते माहीत नसतं. आपल्याला नेमकं काय हवंय ते आपण एका वाक्यात ठरवलेलं नसतं. आणि मोठ्यांसमोर धाकट्यानं बोलायचं नाही, हे वळण लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. पहिल्या दोन गोष्टी तासाभराच्या तयारीनं पुष्कळ कमी होतात, तिसरी सुटायला महिने लागतात. म्हणून आधी धीर गोळा करत बसू नका, माहिती गोळा करा.

साहेब काय विचारतात ते आधी काढा

पीए हा या कामातला सगळ्यात दुर्लक्षित माणूस. त्याला फोन करून चार गोष्टी विचारा: किती मिनिटं मिळणार, त्याआधी साहेब कुठल्या बैठकीत असणार, कागद छापील लागतात की स्क्रीनवर, आणि खोलीत आणखी कोण बसणार. ही माहिती लपवण्यासारखी नसते, विचारणारेच कमी असतात. मग गेल्या महिन्यात ज्यानं त्याच साहेबांसमोर विषय मांडला, त्याला गाठा. ‘साहेब कसे आहेत?’ असं विचारू नका. त्यावर ‘डेंजर आहेत’ एवढंच ऐकायला मिळेल आणि रात्रीची झोप जाईल. ‘कुठले तीन प्रश्न विचारले? कुठे थांबवलं?’ असं विचारा.

वरिष्ठांचे प्रश्न फारसे बदलत नाहीत, कारण त्यांना वरून जे विचारलं जातं तेच ते खाली विचारतात. जिल्हा परिषदेत विचारणा होते ती निधी किती खर्ची पडला आणि उरलेला का पडून आहे याची. कारखान्यात टन, तारीख आणि बंद पडलेले तास. बँकेच्या झोनल मॅनेजरला ठेवी आणि थकबाकी. कुठलंही खातं घ्या, फिरून पाच प्रश्न येतात: किती? कधीपर्यंत? नाही झालं तर काय? जबाबदारी कोणाची? आणि माझ्याकडून काय हवंय? पाचही उत्तरं वहीत लिहून काढा, प्रत्येकी पंधरा शब्दांच्या आत. पाचव्याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं. आपण काय मागायला आलोय हेच ठरलं नसेल, तर समोरच्यालाही आपलं काय करायचं ते कळत नाही. मग तो चिडतो, आणि आपल्याला वाटतं, साहेब मुळातच तापट आहेत.

एक पान

साहेबांच्या हातात देण्यासाठी ए-फोर आकाराचं एकच पान करा. सगळ्यात वर एक वाक्य: कुठला निर्णय हवा आहे. त्याखाली तीन आकडे, तीनच. मग दोन पर्याय, प्रत्येकासमोर खर्च आणि लागणारे दिवस. तुमची शिफारस कुठली, ती का, हे दोन ओळींत. शेवटी, निर्णय लांबला तर काय अडेल. अक्षर मोठं ठेवा. पन्नाशीतल्या माणसाला चष्मा शोधायला लागला की तो पान बाजूला ठेवतो आणि तोंडी प्रश्न सुरू करतो. बाकीचे तक्ते, जुना पत्रव्यवहार, फोटो आपल्या फाइलमध्ये राहू द्यात. विचारलं तर काढायचे.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे इतिहासापासून सुरुवात करणं. ‘सर, २०१९ साली जेव्हा हे मशीन आलं तेव्हा...’ दोन मिनिटांत साहेब ‘मुद्द्यावर या’ म्हणतात, आणि तिथून पुढचं सगळं विस्कटतं. साहेब मध्येच तोडतात ते रागानं असतंच असं नाही. गोष्ट कुठे चाललीय ते कळत नसलं की वरच्या खुर्चीतला माणूस ती अर्ध्यात थांबवतोच.

आपल्याकडे खरं तर याचा उत्तम नमुना घरचाच आहे. देवळात गाऱ्हाणं घालणारा माणूस देवासमोर आढेवेढे घेत नाही. कोणाकडे मागतोय, कोणासाठी मागतोय, काय मागतोय, हे खणखणीत आवाजात एका दमात सांगतो. बैठकीत मात्र आपण गाऱ्हाणं घालायचं सोडून ‘व्हय म्हाराजा’ म्हणत नुसता होकार भरणाऱ्यांत जाऊन उभे राहतो.

पहिली दोन वाक्यं पाठ, बाकी नाही

अख्खं भाषण पाठ केलं की एक शब्द निसटला तरी सगळं जातं. पाठ करायची ती फक्त पहिली दोन वाक्यं. ती मोठ्यानं, उभं राहून, तीन-चार वेळा म्हणा. मनातल्या मनात म्हणून चालत नाही, कारण जीभ कुठे अडखळते ते तेव्हा कळत नाही. रासायनिक कारखान्यातला नमुना असा:

‘सर, दहा मिनिटं घेतो, एका निर्णयासाठी आलोय: दोन नंबरच्या रिअॅक्टरचं सील या महिन्यात बदलायचं की दिवाळीच्या शटडाऊनला. या महिन्यात बदलावं अशी माझी शिफारस आहे.’

आणि थांबा. मनात तीनपर्यंत मोजा. ही शांतता बोलणाऱ्याला फार लांब वाटते, ऐकणाऱ्याला ती जाणवतही नाही. घाबरलेला माणूस ती भरून काढायला बोलत सुटतो आणि न विचारलेल्या गोष्टी स्वतःच उकरून काढतो.

भाषेबद्दल थोडं. घरी मालवणी, गावात मराठी, कचेरीत प्रमाण मराठी, कॉर्पोरेट ऑफिसशी इंग्रजी, अशा चार पायऱ्या चढताना पुष्कळांची अर्धी शक्ती तिथेच संपते. विषय आधी ज्या भाषेत सुचतो त्याच भाषेत लिहा. साहेब मराठी असतील तर ‘मराठीतच सांगतो’ म्हणून सुरू करा, परवानगी मागायची गरज नाही. साहेब बाहेरचे असतील तर पाचच वाक्यं इंग्रजीत किंवा हिंदीत तयार ठेवा, प्रत्येक वाक्यात एकच क्रियापद. ‘माझं इंग्रजी कच्चं आहे, सांभाळून घ्या’ अशी सुरुवात मात्र कधीही करू नका. तोवर ऐकणाऱ्याचं लक्ष मुद्द्याकडे असतं, त्यानंतर चुकांकडे जातं. आणि बोलण्यातला कोकणी हेल अजिबात लपवू नका. तो लपवण्याच्या नादात माणूस जास्त अडखळतो.

शरीराचं काय

हातांची थरथर, छातीतली धडधड हुकमानं थांबत नाही. ती असतानाच बोलायचं असतं. मात्र ती कमी करता येते. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या: चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर, अशा सहा फेऱ्या. मिनिटभराचं काम, केबिनबाहेरच्या बाकावर बसून कोणाला न कळता होतं. दोन्ही पावलं जमिनीला टेकलेली ठेवा. कागद हातात थरथरतो म्हणून तो टेबलावर ठेवून बोला. पाण्याचा घोट आत जाण्याआधी घ्या. रिकाम्या पोटी तीन कप चहा घेऊन जाऊ नका, धडधड आणखी वाढते.

वेळेवर पोचण्याची काळजी ही वेगळीच धडधड असते, आणि कोकणात ती खरीही असते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, गाड्या हळू धावतात. महामार्गावर परशुराम घाटात दरड आली तर तासांचा हिशेबच संपला. बेलापूरला किंवा मुंबईला सकाळची बैठक असेल तर आदल्या दिवशीच जा. व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची बैठक, असेल तर कोणाच्या तरी फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवा, लॅपटॉप पूर्ण चार्ज असू द्या, आणि ते एक पान आधीच पीएला मेल करून ठेवा. वीज गेली, रेंज गेली, तरी विषय पोचलेला राहतो.

उत्तर माहीत नसेल तेव्हा

भीतीपोटी होणारं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. साहेबांनी विचारलं, ‘किती दिवस लागतील?’ आणि गप्प राहणं कमीपणाचं वाटलं म्हणून तोंडातून ‘आठ’ निघून गेलं. तो आकडा त्याच दुपारी वरच्या सादरीकरणात जातो, आणि पुढच्या महिन्यात तुमचं आश्वासन म्हणून परत येतो. तेव्हाची भीती खरी असते.

नक्की माहीत असेल तर आकडा सांगा आणि थांबा. अंदाज असेल तर तो अंदाज आहे असं म्हणून पल्ला द्या: ‘दहा ते चौदा दिवस, बेअरिंग मुंबईहून वेळेत आलं तर दहा.’ माहीतच नसेल तर कोणाकडून कळेल आणि कधीपर्यंत, हे दोन्ही एकाच वाक्यात सांगा: ‘आत्ता आकडा नाही. स्टोअरकडून घेऊन चार वाजेपर्यंत मेल करतो.’ चारला पाच कमी असताना मेल गेला पाहिजे. ज्याचं ‘माहीत नाही’ खरं आणि वेळेवर पुरं होतं, त्याच्या ‘माहीत आहे’वर साहेब पुढच्या वेळी उलटतपासणी करत नाहीत.

साहेब चढ्या आवाजात बोलले तर

वही उघडा आणि लिहायला लागा. हे नाटक नाही. लिहिताना नजर खाली जाते, हाताला काम मिळतं आणि बोलण्यातला मुद्दा आवाजापासून वेगळा काढता येतो. त्यांचं बोलणं संपलं की आपल्या शब्दांत मुद्दा परत सांगा: ‘म्हणजे सर, रिपोर्ट उशिरा आला त्यापेक्षा तो उशिरा येणार हे आधी कळवलं नाही, हा मुद्दा आहे.’ बरोबर असेल तर मान्य करा आणि पुढचं पाऊल सांगा. एखादी माहिती चुकीची असेल तर ती एकदाच, तारखेसह दुरुस्त करा. दुसऱ्यांदा तेच सांगायला गेलात की वाद होतो. कसनुसं हसू नका. घाबरल्यावर पुष्कळांना हसू येतं आणि समोरच्याला तो उद्धटपणा वाटतो. दुसऱ्या खात्यावर ढकलणं हेही त्या क्षणी टाळा. ते खरं असलं तरी नंतर, लेखी सांगावं.

रागावणं आणि छळणं यांत फरक आहे, आणि तो भीतीच्या भरात पुसला जाऊ नये. कामावरून बोलणं हा रागाचा भाग झाला. शिवी, जातीवरून किंवा बाईमाणूस म्हणून अपमान, धमकी, अंगचट येणं, हे सहन करण्याचं प्रशिक्षण कोणी घ्यायचं नसतं. तारीख, वेळ, नेमके शब्द, कोण हजर होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. लैंगिक छळाबाबत २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. त्याहून लहान ठिकाणच्या, म्हणजे एखाद्या छोट्या काजू कारखान्यातल्या किंवा हॉटेलातल्या महिलेला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रारीची मुदत साधारणपणे घटनेपासून तीन महिने असते.

साहेब चुकत असतील तेव्हा

२७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. त्यातल्या केएलएमच्या विमानाचा कॅप्टन हा कंपनीतला अत्यंत वरिष्ठ, इतर वैमानिकांना शिकवणारा प्रशिक्षक होता. विमान धावपट्टीवर वेग घेत असताना फ्लाइट इंजिनिअरनं शंका काढली, समोरचं विमान अजून बाजूला झालं नाही का? कॅप्टननं ठामपणे, झालंय, असं सांगितलं. इंजिनिअर पुन्हा बोलला नाही. अपघाताला इतरही कारणं होती, पण त्यानंतर विमान कंपन्यांनी कनिष्ठांना वरिष्ठांसमोर स्पष्ट बोलायला पद्धतशीर शिकवायला सुरुवात केली. ती पद्धत जशीच्या तशी कारखान्यात चालते.

तिच्यात पाच गोष्टी एका दमात सांगायच्या असतात. नाव किंवा हुद्दा घेऊन लक्ष वेधा, काळजी वाटतेय असं उघड म्हणा, काय दिसतंय ते आकड्यात सांगा, काय करावं ते सांगा, आणि होकार मागा.

‘सर, एक मिनिट इकडे बघा. मला हे सुरक्षित वाटत नाही. कूलिंग वॉटर पूर्ण चालू असूनही बारा मिनिटांत तापमान नऊ अंशांनी चढलंय. फीड बंद करू, अॅजिटेटर आणि कूलिंग चालू ठेवू. करू का?’

(फीड म्हणजे रिअॅक्टरमध्ये सोडला जाणारा माल, अॅजिटेटर म्हणजे आतलं मिश्रण ढवळणारं यंत्र.) याच्या जागी आपण काय म्हणतो? ‘सर, जरा तापमान बघता का...’ हा इशारा आहे, आणि घाईतल्या माणसाला इशारे ऐकू येत नाहीत. एकदा सांगून झालं नाही तर तेच आणखी स्पष्ट, दुसऱ्या शब्दांत, एकदा सांगायचं. तुमच्या एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी कार्यपद्धतीत, ऑपरेटरला फीड थांबवण्याचा अधिकार दिलेला असेल, तर आधी थांबवा आणि मग फोन करा. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराला नजीकच्या धोक्याची गोष्ट थेट व्यवस्थापनाच्या निदर्शनाला आणण्याचा हक्क मिळाला. लोटे, महाड, रोहा इथल्या रासायनिक कारखान्यांत काम करणाऱ्या प्रत्येकाला हे तोंडपाठ हवं.

जिवाचा प्रश्न नसेल तिथे इतकी घाई नको. साहेबांचं म्हणणं चार माणसांत खोडू नका. बैठक संपल्यावर पाच मिनिटं मागा आणि ‘तुमचं चुकलं’ याऐवजी ‘या पर्यायात मला एक अडचण दिसते’ असं म्हणा. त्यानंतरही ते ठाम राहिले तर काम त्यांच्याच पद्धतीनं, पण तुमची अडचण मेलमध्ये एका ओळीत नोंदवून.

बैठकीनंतर

त्याच दिवशी पाच ओळींचा मेल: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, काय बाकी राहिलं, पुढची तारीख. दहा विषयांतला आपला विषय साहेबांच्या लक्षात राहीलच असं नाही. सरकारी कचेरीत तोंडी आदेश मिळाला असेल तर ‘दिलेल्या तोंडी निर्देशांनुसार’ असं लिहून टिपणी सादर करा. वर्तणूक नियमांतही तोंडी आदेशाला लेखी दुजोरा अपेक्षित आहे, त्यामुळे यात आगाऊपणा काही नाही.

अंगात मुरलेलं गप्प बसण्याचं वळण सोडवायचं असेल तर मोठ्या बैठकीची वाट बघू नका. पहिल्या आठवड्यात साहेब राउंडला आले की नुसतं ‘गुड मॉर्निंग सर’ म्हणून आपल्या विभागाचा एक आकडा सांगा. पुढच्या आठवड्यात बैठकीत एक प्रश्न विचारा, पहिल्या दहा मिनिटांतच. जितका उशीर कराल तितकं तोंड उघडणं जड जातं. मग एक छोटा विषय स्वतः मांडा. टाळत गेलात की भीती वाढते, सवयीनं ती उतरते.

कोकणातल्या दोन अडचणी मात्र कुठल्याच प्रशिक्षणात येत नाहीत.

पहिली, साहेब गावचेच निघणं. शिमग्याला पालखीखाली खांदा देणारा काका सोमवारी खुर्चीत बसलेला असतो. कचेरीत ‘सर’, वाडीत ‘काका’, आणि पालखीत बदलीचा विषय काढायचा नाही. याचंच धाकटं भावंड म्हणजे मे महिन्यातला फोन: ‘हापूसच्या चार पेट्या बघशील का?’ नाही म्हणता येत नाही आणि पैसे मागवत नाहीत, म्हणून माणूस महिनाभर कुढतो. ओळखीच्या बागायतदाराचा नंबर आणि पाच डझनी पेटीचा आजचा भाव पाठवून द्या, ‘सर, थेट बोला, चांगला माल देईल.’ विषय संपला.

दुसरी, गणपतीची सुट्टी. सगळ्या शिफ्टला एकाच वेळी रजा हवी असते आणि परराज्यातल्या प्लांट हेडला त्याचं कारण कळत नाही. एकेकट्यानं केविलवाणा चेहरा करून अर्ज देऊ नका. चतुर्थीच्या दोन महिने आधी सगळ्यांनी मिळून तक्ता करा: कोणाकडे दीड दिवसाचा, कोणाकडे पाच, सात, अकरा दिवसांचा. दीड दिवसवाले तिसऱ्या दिवशी कामावर येऊ शकतात, पाच दिवसवाले गौरी-विसर्जनानंतर. ज्यांच्या घरी गणपती येत नाही किंवा सुतक आहे, ते पहिले दोन दिवस सांभाळतील. प्रत्येक शिफ्टला किमान किती माणसं लागतात तो आकडा वर लिहा, रिकाम्या जागा लाल करा आणि त्या कशा भरायच्या याचे दोन पर्याय खाली द्या. ओव्हरटाइमचे तास मोजून ठेवा, कारण पहिला प्रश्न त्याचाच येणार.